दुसरं कडवं

बाभुळगाव,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. मिताली हिला नीळकंठमामाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे, त्यामुळे दुकानात गर्दी नाही. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की पंपाच्या जळालेल्या मोटारींची रांग लागेल. तुझ्या मामीचा गुडघा पहिल्यापेक्षा बरा आहे. तुझी आई गुरुवारी पांढरकवड्याहून येऊन गेली. लिंबाचं लोणचं आणलं होतं, त्यात मीठ जास्त होतं. तसं तिला सांगितलं. तिला राग आला.

तुझे दोन फोन येऊन गेले. मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर मी चिडतो, आणि चिडलो की एकाच्या जागी चार बोलतो. शिवाय तुझ्या गाण्यांबद्दल जे सांगायचं ते मी नेहमी कागदावरच सांगत आलो.

तुझं पहिलं गाणं आठवतं? पुण्याच्या खोलीत भिंतीला गाद्या लावून तू ते रेकॉर्ड केलं होतंस. त्यात वैशाखात तुरीला फूल आणलं होतंस. मी लिहिलं, बाई, वैशाखात तूर शेतात नसतेच. दुसऱ्या गाण्यात निषाद दोन जागी उतरला होता. तेही कळवलं. तू दोन्ही दुरुस्त केलंस. त्या कंपनीवाल्यानं "वऱ्हाडी नको, जरा साफ मराठीत लिहा" म्हटलं तेव्हा तू नाही म्हणून उठून आलीस आणि मग घाबरलीस. तेव्हा मी लिहिलं होतं की मोटार ज्या तारेनं बांधली त्याच तारेवर चालते, मधेच दुसरी जोडली की जळते. हॉटेलात लोक जेवत असताना गिटार घेऊन गायचीस, कोणी मान वर करून पाहायचं नाही. आज लोक तिकीट काढून येतात. कोणत्या कंपनीचा हात धरला नाहीस, स्वतः लिहिलंस, स्वतः गायलीस. मला कोणी काही शिकवलं नाही, ना वाइंडिंग ना पेटी. पण मितालीला मी शिकवलं, हे बाभुळगावात ज्यानं विचारलं त्यालाही सांगितलं आणि ज्यानं नाही विचारलं त्यालाही.

इतक्या वर्षांत एकही गाणं माझ्या कानावरून गेल्याशिवाय बाहेर पडलं नाही. हे पडलं.

मला ते कसं कळलं ते ऐक. तांड्यावरचा डोंगरसिंग मोटार न्यायला दुकानात आला होता. त्याचा फोन वाजला आणि तुझा आवाज आला. आवाज तुझा, पण गाणं ओळखीचं नाही.

"हे कोणतं गानं होय रे?"

"काय भाऊ, मजाक करून राह्यले काय! तुमच्याच भाचीचं तं होय. सारा तांडा आयकते. तुमाले माहीत नाई?"

मी म्हटलं, "माहीत आहे. मशीनच्या आवाजात समजलं नाही."

मशीन बंद होती. ते त्यालाही दिसत होतं. हसला. "गुरुजीले न इचारता पेपर देल्ला म्हना पोरीनं! अन् पास बी झाली!"

त्याला पुन्हा वाजवायला लावलं.

नीज नयना, नीज माय,
वात झाकली,
तुह्या निजायची जागा
झाडून राखली.

"भाऊ, हे नयना कोन होय?" डोंगरसिंगनं विचारलं.

मी म्हटलं, "असंन कोनी."

ती जन्मली तेव्हा तू पाचवीत होतीस, शाळेसाठी आमच्याकडे राहायचीस. त्यामुळे तुला हे सांगावं लागत नाही की आमची मुलगी बारशाच्या आधीच गेली. तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं, असं मी सतरा वर्षं धरून चाललो होतो. माझ्या मुलीचं नाव मला डोंगरसिंगच्या फोनच्या रिंगवरून कळलं, मिताली.

घरी गेलो. तुझी मामी सांबाराची जुडी निवडत बसली होती, घरभर कोथिंबिरीचा वास होता.

"मितालीचं नवं गानं आयकलं काय?"

"आयकलं. मीच तं देल्लं तिले."

"मले काहून नाही सांगतलं?"

तिनं काड्या एका बाजूला केल्या. "तुमी त्याच्यातबी चुका काहाडल्या असत्या."

"अन् नाव कधी ठेवलं?"

"पोटात होती तवाच. तुमाले बारशाच्या दिवशी सांगनार होती."

"मंग नंतर?"

"नंतर तुमी होते कुठी?"

मी घरातच होतो. ती सांबार धुवायला उठून गेली होती.

म्हणजे स्वयंपाकघरात ती गायची, तू तिच्या कुशीत पडून ऐकायचीस, आणि हे तुम्हा दोघींत होतं. ठीक आहे. आईचं गाणं आईनं कोणाला द्यावं हा तिचा प्रश्न. पण तू? मला तुरीच्या फुलाचा महिना विचारणारी तू, हे एवढं मला न विचारता जगाला वाटून मोकळी झालीस?

आता दुरुस्त्या. मागितल्या नसल्या तरी.

तुझ्या व्हिडिओत नक्षीचा लाकडी पाळणा आहे. आमच्याकडे पाळणा आलाच नव्हता. सुताराकडे सांगून ठेवला होता, नंतर मीच जाऊन त्याला म्हटलं, दुसऱ्या कोणाला दे. वात झाकली म्हटलंस, पण तेव्हा संध्याकाळची लाइट नसायची आणि आपल्याकडे कंदील असायचा. कंदील झाकत नाहीत, बारीक करतात. पण ते तुझ्या मामीचे शब्द असतील तर राहू दे. "राखली" वर तू सूर वर नेतेस. मामी तो खाली आणत असेल. माझा अंदाज आहे. मी तिला गाताना कधी ऐकलेलं नाही.

इथे पत्र संपवणार होतो. दुसऱ्या कडव्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ओसरीत बाप बसला
पेटी खोलून,
कोन निजलं, कोन गेलं,
पाहे ना वळून.

हे मामीचं नाही. तिला विचारलं. हे तुझं आहे. तू दारातून मला पाहिलंस आणि लक्षात ठेवलंस. पुढं म्हटलंयस की घरात आसवं गळत होती आणि बाप पेटी दुरुस्त करत होता. गाण्याखाली लोकांनी त्या बापाला काय काय लिहिलं आहे ते मी बसून वाचलं. एका बाईनं लिहिलं, असे बाप घरोघरी असतात. शेकडो लोकांना ते पटलं आहे. त्यातला कोणी उद्या मोटार घेऊन माझ्या दुकानात येईल, मी त्याला चहा पाजीन.

तर ऐक. पेटीचं झाकण उघडं होतं, एवढं खरं. पेटी बिघडलेली नव्हती. बारशासाठी मी एक चाल बसवत होतो. पहिली ओळ जमली होती, पुढचं जमायचं होतं. मग ते सगळं झालं. सुतकाच्या घरात पेटी वाजत नाही, आणि आत तुझी मामी, शीला, होती. म्हणून मी भाता दाबून धरायचो आणि नुसत्या पट्ट्यांवर बोटं चालवायचो. भात्यात हवा नसली की सूर निघत नाही, लाकडाची टकटक तेवढी होते. तुम्ही दोघींनी ती टकटक ऐकली आणि समजलात, मामा पेटी दुरुस्त करतो. ती चाल मी तशीच पूर्ण केली. ती कशी ऐकू येते ते मला अजून माहीत नाही. भाता मोकळा सोडून ती मी एकदाही वाजवली नाही.

तू लिहिलं आहेस की यवतमाळच्या कार्यक्रमात मी स्टेजवर पेटीला बसावं, तू सगळ्यांना सांगशील, हे माझे गुरू. मी येणार नाही. ते कडवं तू माझ्यासमोर गाशील आणि मी त्याला साथ करीन, हे कसं ठरवलंस? तू गा. कडवं बदलू नको. लोकांना तसंच पाठ आहे, आता बदललंस तर विचारतील का बदललं, आणि त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. मामी येणार आहे. नवी साडीसुद्धा काढून ठेवली आहे. तिला पुढच्या रांगेत बसव. गुडघ्यामुळे पायऱ्या चढत नाही, तेवढं पाहा.

ओसरीवरचं जे लिहिलं ते तिला सांगू नको. सांगायचं असेल तर मी सांगीन. ते जमेल की नाही, माहीत नाही. आणि एक. तिचं गाणं तिनं तुला दिलं. मी हे तुला दिलेलं नाही, फक्त सांगितलं आहे. यातला फरक कळत नसेल तर मी तुला काहीच शिकवलं नाही.

नयनाचा बाप,
नीळकंठ