दिग्रसची पुसलेली रेघ

बाबा, कापसाच्या जिनिंगमधून तुम्ही घरी यायचात तेव्हा पापण्यांवरही रुई असायची. धुळीवर उतारा म्हणून मालक गूळ वाटायचा. तो तुम्ही रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचात. मीही खायचो. सुट्टीनंतर कामाला गेलात की त्या दिवशी तुमची छाती आवळायची. आई चुलीजवळ बसवून शेकायची, डॉक्टरकडे चला म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "काई नाई होत. दोन दिवसात मोकयी होते छाती." व्हायचीही. शेवटच्या वर्षी झाली नाही.

मी आता संख्याशास्त्र शिकवतो. यंदा घाटंजी, बाभुळगाव आणि दिग्रसच्या दवाखान्यांतल्या नोंदी माझ्याकडे आल्या. कोणतं काम कोणत्या तक्रारीशी बांधलेलं आहे, याचं प्रत्येक गावाचं जाळं काढायचं होतं; जिथं संबंध, तिथं रेघ. एकट्या गावाच्या नोंदी तुटपुंज्या पडतात, म्हणून तिन्ही जाळी एकत्र काढतात. एका गावात दिसलेलं दुसऱ्याच्या अंदाजाला आधार देतं. तो आधार किती, हे मी ठरवतो. मी फार दिला. तिन्ही जाळी सख्ख्या बहिणींसारखी दिसू लागली आणि मला ते देखणं वाटलं.

यवतमाळच्या बैठकीत दिग्रसची तरुण डॉक्टर उठली. "सर, आमच्याकडे जिनिंगवाल्यांची छाती सुट्टीनंतर आवळते. ती रेघ यात दिसत नाही." मी तिला समजावलं की थोड्या नोंदींत असे भास होतात, बाकी दोन गावांत तसं काही नाही. ती खाली बसली. मी पुढचं चित्र दाखवलं. बाबा, त्या क्षणी मला तुम्ही आठवलासुद्धा नाहीत.

घरी बायकोनं बैठकीचं विचारलं. त्या डॉक्टरचं वाक्य सांगता सांगता मला चुलीजवळ बसलेले तुम्ही दिसलात, आणि मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी मी आधार कमी केला, दिग्रसला वेगळं असू दिलं. रेघ उमटली, फक्त तिथंच, चांगली ठळक. मी डॉक्टरला फोन करून चुकलो म्हणालो. अहवाल बदलला, आता तिथल्या कामगारांची तपासणी व्हायची आहे. तिनं विचारलं, "पुन्हा बघावंसं कसं वाटलं, सर?" गणित तपासत होतो, असं मी सांगितलं.

हे तुम्हाला कुठं पाठवणार? आणि पाठवता आलं असतं तरी धीर झाला नसता. वडील काय करायचे, असं कुणी विचारलं की मी अजूनही म्हणतो, कापसाच्या व्यापारात होते.