गोळ्यावालीच्या गोळ्या बंद

१२ ऑक्टोबर
दुसरा महिना संपत आला. बारा वर्षं आशाताई म्हणून, आरोग्यसेविका म्हणून, गावाला टीबीच्या गोळ्या खाऊ घातल्या, आता स्वतःच खाते. देव पण मोठा गमत्या. सकाळी शेजारचे लक्ष्मणकाका ओट्यावर येतात, मामंजींचे जुने जोडीदार. त्यांनाही टीबी. दोघं मिळूनच गोळी घेतो.
चूळ भरली तर पाणी लालसर. लाल गोळीचा रंग. थुंकी, घाम, लघवी, सगळं रंगतं. पाठ आहे मला.

१४ ऑक्टोबर
वावरात सीतादही, कापूस वेचणीच्या आधीची पूजा. जाऊबाईंनी दहीभात ठेवला, मी पहिला कापूस वेचला. सासूबाई असत्या तर तो माझ्या गालाला लावला असता. "पाह्य वं, किती मऊ हाय." फार आठवण आली आज.
बोंडाचं टरफल बोटाला लागलं. संध्याकाळपर्यंत रक्त थांबेना, तीनदा चिंधी बदलली. नडग्यांवर बारीक लाल ठिपके. जाऊबाई म्हणतात, "किडे चावले असतीन."

१६ ऑक्टो.
उशीवर डाग. हिरड्यांतून येतंय वाटतं. की रंगच?
मामंजी गोळ्या घेत होते तेव्हा न्हाणीतून ओरडलेले, "लाल पडून राह्यलं वं सूनबाई!" मी पोट धरून हसले होते. भिऊ नका, रंग आहे. आणि रंगच होता. पुढं सात वर्षं जगले, येईल त्याला सांगायचे, "सूनबाईनं वाचवलं." किती बरं वाटायचं तेव्हा.

१७ ऑक्टो. आदिलाबाद
नाकातून रक्त. जाऊबाईंनी बसमध्ये घालून आणलं. प्लेटलेट अकरा हजार, दीड लाख तरी हव्यात. डॉक्टर चिडले, "आशा असून रक्त ओळखलं नाही?" मान वर करवेना. गोळ्यांनीच उतरल्या म्हणे. सगळ्या बंद.
नर्स पाठीवर हात ठेवून तेलुगूत म्हणाली, "भयपडकम्मा." हेच मी आजवर मराठीत सांगत आले. भिऊ नका.

२४ ऑक्टो.
प्ले. ऐंशी हजार. घरी सोडलं. येऊन बघते तर ल.काकांनी आठवडाभर गोळी घेतलेली नाही.
"तू सोडली ना? मंग म्या काऊन खाऊ?"
त्यांचे पाय पाहिले, हिरड्या पाहिल्या. साफ. म्हटलं, काका, तुम्हाला काही नाही, फक्त रंग आहे.
"तुले बी रंगच वाटला होता ना?"
रात्रभर खोकतात, भिंतीपलीकडून ऐकू येतं.

२९ ऑक्टो.
प्ले. दीड लाखावर. लाल गोळी मला जन्मात परत नाही. दुसऱ्या देणार, एकेक करून, उद्यापासून. उपचार लांबणार. काकांचंही विचारलं, त्यांचं रक्त तपासलं, ठीक आहे. त्यांना आधीचीच चालेल.
भीती वाटते. कुणाला सांगितली नाही.

३० ऑक्टो.
काका आले. गोळी हातावर दिली. म्हटलं, लघवी लाल झाली तर रंग. पण हिरडीतून, नाकातून आलं, अंगावर ठिपके दिसले, तर त्याच दिवशी मला सांगायचं. हे दुसरं वाक्य मी बारा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. मामंजींनाही नाही.
"आदी तू खाय."
माझी नवी गोळी काढली. गिळली. तोंड उघडून दाखवलं, जसं मी सगळ्यांना दाखवायला लावायची.
काका बघत बसलेत. मूठ अजून मिटलेलीच आहे.