पाववाल्यांच्या भिंतीचा अर्ज

ती. अक्का हिच्या सेवेशी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खराच घातला आहे. घालताना कंबर धरली, आता उठता येईना, म्हणून पडल्या पडल्याच पत्र लिहायला घेतलं. अक्षर वाकडं दिसलं तर कंबरेला दोष देऊ नकोस, सरळ बसून लिहिलं तरी ते असंच येतं.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? मागच्या खेपेला त्यांनी दोन ओळींत कळवलं होतं, सर्व क्षेम, तुमची बहीण ठीक आहे. गेली अकरा वर्षं तुझी खुशाली मला दाजींच्या अक्षरात कळते. अक्षर मोत्यासारखं आहे, तक्रार नाही. पण त्या अक्षरात तू कधी कोणावर चिडत नाहीस, कोणाला बावळट म्हणत नाहीस, त्यामुळं ही खुशाली नक्की तुझीच का, असा मला संशय येतो.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. ही बरी आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे बरीच आहे. लाँड्री चालू आहे. जग कितीही सुधारलं तरी माणसं कपडे मळवायचं सोडत नाहीत, ही देवाचीच कृपा म्हणायची. शेजारचे पाववाले काका गेले ते तुला माहीत आहे. आता भट्टी त्यांची मुलगी बघते. ती काकांपेक्षा कडक आहे, पण सकाळी पावांचा पहिला घाणा निघाला की अजून आपल्या मधल्या भिंतीवर दोन टकटक करते, आणि मी इकडून एक टक करतो. या टकटकीचा अर्थ काय हे तिलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. तुझ्यात आणि काकांत काहीतरी ठरलेलं होतं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. (तू म्हणशील, हा आणि मुद्द्यावर? पण ऐक.) गेल्या थंडीत एक बाई आपला जाड कोट धुवायला घेऊन आली. पोरसवदा, चष्मा, पाठीवर केवढी तरी पिशवी. मी कोट उजेडात धरून डाग शोधत होतो तोवर ती सहज मागं टेकली, ती नेमकी भिंतीला. टेकली ती टेकलीच. पाच मिनिटं झाली, पावती झाली, बाई हलेना. मला वाटलं चक्कर आली. मग तिनं पिशवीतून एक पिस्तुलासारखं यंत्र काढून भिंतीवर रोखलं. ही आतून बघत होती, ती किंचाळलीच. ते तापमान मोजायचं यंत्र निघालं. तेव्हापासून आम्ही तिला थर्मामीटरबाई म्हणतो. ती कुठल्याशा संस्थेत उष्णतेवर संशोधन करते. शेजारच्या भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर आम्ही पन्नास वर्षं कपडे वाळवतो, हे ऐकून तिचे डोळे असे चमकले की मी भट्टीचा परवाना पाववालीकडे आहे, आमच्याकडे नाही, असं घाईघाईनं सांगून टाकलं.

तिनं मला एक अर्ज आणून दिला. 'हवामान-अनुकूलन, उद्योजकता आणि शाश्वत ऊर्जा यांसाठीची आंतरराष्ट्रीय संशोधन फेलोशिप.' हे नाव एका दमात म्हणता येत नाही, मध्ये पाणी प्यावं लागतं. सहा महिने परदेशी संस्थेत राहायचं, आपलं काम मोजून मांडून दाखवायचं, तिथल्या लोकांकडून शिकायचं. वयाची अट नाही, पदवीची अट नाही, डोक्यात कल्पना हवी. मी म्हटलं, बाई, आम्ही परिटाचं काम करणारी माणसं, आमचं हवामानाशी नातं एवढंच की ऊन पडलं का. ती म्हणाली, हल्ली ऊन कधी पडेल आणि पाऊस कधी येईल याचा भरवसा कोणालाच नाही, आणि ज्यांना ऊन नसताना जगायचं कसं हे ठाऊक आहे त्यांच्याकडूनच आम्हाला शिकायचं आहे. मी छाती फुगवली. (फुगवली ते चुकलंच. पण ते पुढं.)

अर्जात एक रकाना होता, आपल्या प्रकल्पाविषयी लिहा. तुला अण्णांची शिस्त आठवते ना? कपडा हातात आला की आधी गिऱ्हाइकासमोर उजेडात धरायचा आणि त्यावरचा प्रत्येक जुना डाग, विरलेली कॉलर, तुटकं बटण सगळं पावतीवर लिहून काढायचं, म्हणजे मागाहून कोणी आपल्या नावानं खडे फोडायला नको. चाळीस वर्षांत माझ्या हाताला दुसरं लिहिणं ठाऊकच नाही. मी पेन उघडलं आणि हात आपोआप चालला. अर्जदार, वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे विरलेले, इंग्रजी धुण्यात आटलेली, स्वभाव खळ घातल्यासारखा ताठ. भिंत, उत्तरेचा कोपरा कुचकामी, तिथं मोजासुद्धा वाळत नाही. सोमवारी भट्टी बंद, म्हणून मंगळवारी गिऱ्हाइकांच्या शिव्या. कपड्यांना पावाचा वास येतो, एका वकिलाच्या कोटामागून एक कुत्रं कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं होतं. असं दोन पानं लिहून खाली सही केली, आणि नेहमीच्या सवयीनं 'वरील दोषांची जबाबदारी दुकानावर नाही' हेही लिहिलं.

थर्मामीटरबाईनं कपाळावर हात मारला, पण मुदत संपत आली होती, तिनं तसंच भाषांतर करून पाठवलं. आणि अक्का, तीन आठवड्यांनी उत्तर आलं की चारशे अर्जांत बाकी सगळ्यांनी पृथ्वी वाचवली आहे, पण आपल्या कामाचा कुठला कोपरा चालत नाही हे सांगणारा हा एकच अर्ज आहे, तर मुलाखतीला बोलवावं. ही म्हणाली, जन्मभर तुमचे दोष मी मोफत सांगते आहे, मला कोणी परदेशी बोलावलं नाही.

मुलाखत दुकानातच, फोनवर, कारण त्यांना भिंत बघायची होती. हिनं ठेवणीतल्या पांढऱ्या चादरी भिंतीवर टांगल्या, आणि त्याच सकाळी धुतलेल्या असल्यामुळं त्या ओल्याच होत्या. भट्टी पेटली, वाफ निघाली, फोनची काच धुरकटली. पलीकडे तीन परीक्षक होते, एक हसतमुख बाई, एक टिपणं घेणारे कपाळाला आठ्यावाले, आणि एक म्हातारे गृहस्थ, टक्कल, काही न बोलणारे. या तिघांनी पहिली चार मिनिटं पूर्ण सभ्यपणानं नुसत्या धुक्याला प्रश्न विचारले. धुक्यातून माझी उत्तरं थर्मामीटरबाई इंग्रजीत सांगत होती. शेवटी हिनं पदरानं काच पुसली आणि एकदम मी दिसलो, तेव्हा हसतमुख बाईसुद्धा जरा दचकल्या.

मग त्यांनी विचारलं, ही कल्पना सुचली कशी. हे उत्तर मला पाठ होतं. किती वेळा सांगितलं असेन! दुकानात, लग्नकार्यात, आणि अकरा वर्षांपूर्वी व्यापारी मंडळानं 'कल्पक उद्योजक' म्हणून ढाल दिली तेव्हा माईकवर. पावसाळी दिवस, आठ आठ दिवस कपडे वाळेनात, गिऱ्हाइकं दारात. मग भिंतीवर खडूनं चौकोन आखून न्यायला कोणी न आलेले एकवीस ओले रुमाल एकेका चौकोनात टांगले, घड्याळ लावून कुठला कधी वाळतो ते वहीत लिहिलं. त्यावरून भट्टीचं धुराडं भिंतीत नेमकं कुठून वर जातं ते सापडलं. मग पाववाले काकांच्या पाया पडून धुराड्याला धक्का न लावता त्याच्या भोवतालच्या सहा विटा काढल्या, आणि तिकडची गरम हवा इकडं आली. बदल्यात त्यांचे पंचे आणि एप्रन जन्मभर फुकट धुवायचे. सगळं मी घडाघड सांगितलं. सांगताना मला ते दिसतही होतं. फक्त खडू हातात धरलेली मुलगी चौदा वर्षांची होती, दोन वेण्या, आणि मी नऊ वर्षांचा तिच्या पायाशी बसून कोपऱ्यातल्या रुमालाला फुंकर मारत होतो, तो लवकर वाळावा म्हणून. त्याबद्दल तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास, की मोजणीत लबाडी करायची नाही.

ते दिवस फार आठवतात गं. शाळेतून येऊन आपण दोघं त्या भिंतीला पाठ लावून बसायचो. पाठ ऊन, पाय गार, आणि पलीकडून पावाचा वास. तू मला गणितं घालायचीस आणि चुकलं की फक्त सुस्कारा टाकायचीस. तुला पुढं शिकायचं होतं. कॉलेजात नावही लागलं होतं. अण्णांची पाठ धरली आणि तू चार वर्षं इस्त्रीपुढं काढलीस, मी मात्र शाळेच्या बाकावर. मग तुझं लग्न झालं, तू गेलीस, दुकान माझं झालं, भिंतही माझी झाली, आणि हळूहळू रुमालसुद्धा माझे झाले. अण्णाच गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरानं डोकं लढवलं. मी एकदाही नाही म्हटलं नाही. ढाल घेतली तेव्हा तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. मला वाटलं, घरचीच तर आहे, तिला काय सांगायचं. तू टाळ्या वाजवल्यास, जेवण न घेता गेलीस, आणि तेव्हापासून दाजींचं अक्षर सुरू झालं.

तर मुलाखत. ते टक्कलवाले गृहस्थ इतका वेळ गप्प होते, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. एवढंच विचारलं, रुमालच का? टॉवेल का नाही, मोजे का नाहीत? अक्का, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी ती गोष्ट शंभरदा सांगितली, पण रुमालच का हे तुला कधी विचारलं नव्हतं. थर्मामीटरबाई माझ्याकडं बघते, ही माझ्याकडं बघते, पलीकडचे तिघं बघतात. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि गणित चुकल्यावर व्हायचं तसं तोंड झालं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं:

"साहेब, पावतीवर एक जुना डाग लिहायचा राहिला. ही भिंत माझ्या बहिणीची आहे. मी नुसता फुंकर मारत होतो."

थर्मामीटरबाईनं ते इंग्रजीत सांगायच्या आधी माझ्याकडं दोनदा बघून घेतलं, सांगू का म्हणून. मी मान हलवली. आठ्यावाल्यांनी टिपण थांबवलं. मी त्यांना ढालीचंही सांगितलं, तिसऱ्या रांगेचंही. फेलोशिप हातची गेली हे मला तेव्हाच कळलं, आणि खरं सांगू, फार वाईट वाटलं नाही. दुकान बंद झाल्यावर मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि पोरासारखा रडलो. हिनं पाहिलं आणि चहा ठेवून गेली.

दाजींना नमस्कार. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. आता कंबर सुटली वाटतं, उठून बघतो.

तुझा,
धाकटा

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. फेलोशिप हातची गेलेली नाही, फक्त माझ्या हातची गेली आहे. त्यांचं पत्र आलं की जिची कल्पना तिनं यावं, तिच्या नावानं अर्ज करावा. म्हणून तुझ्या नावानं अर्ज मी भरून पाठवला आहे. सोमवारी चार वाजता तुझ्या मुलाखतीसाठी थर्मामीटरबाई फोन घेऊन तुझ्या घरी येईल. तिला नीट वागव, चहात साखर घेत नाही.

ता. क. २ – अर्ज नेहमीच्या पद्धतीनंच भरला आहे. अर्जदार, वय त्रेसष्ट, गुडघे कुरकुरतात, स्वभाव हट्टी, माफी मागणाऱ्याला लवकर माफ करत नाही. सर्व दोष आधीपासूनचे, त्यांपैकी शेवटच्याला कारण धाकटा भाऊ. सहा महिने दाजींनी काय खायचं, याचा विचार केला आहे. ते आमच्याकडं येतील. मला त्यांच्याशी अकरा वर्षांचं बोलायचं आहे.

ता. क. ३ – फोन ठेवता ठेवता त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आणखी एक विचारलं होतं, तुमची बहीण तुमच्याशी बोलते का. मी म्हणालो, हो, रोज बोलते. अक्का, भिंतीचं सगळं खरं सांगितल्यानंतर बोललेलं हे एकच खोटं. सोमवारी ते तुलाही हेच विचारणार आहेत. काय सांगायचं ते तू ठरव.