तत्त्वज्ञान विभागाची वसाहतमुक्ती

५ जानेवारी, सोमवार
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तळहाताला घाम आला तो स्वेटरमुळे.

म्हणाले, तत्त्वज्ञान विभागात मुलं फार कमी झालीत. पुढच्या महिन्यात बाहेरची समिती येणार. वरून आदेश आहे, विषय वसाहतमुक्त करा, इथलं तत्त्वज्ञान इथल्या पद्धतीनं शिकवून दाखवा. समितीला पटलं तर विभाग राहील. नाही पटलं तर गजाला मॅडमना राज्यशास्त्रात सामावून घेऊ आणि तुम्हाला फुलंब्रीच्या शाखेत. तिथं मी काय शिकवायचं, असं विचारलं. पर्यावरण, म्हणाले.

मी हसलो. विभागप्रमुखानं संकटाला हसूनच सामोरं जायचं असतं. नंतर जिना उतरताना मधेच पायरीवर बसावं लागलं. गुडघे जुनेच आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
संकल्प. इंग्रजी बंद. टाय बंद. विचारसुद्धा मराठीतच करायचा. फारसं अवघड नाही, मी मुळात मराठीच आहे.

७ जानेवारी
कुर्ता घालून कॉलेजात गेलो. आमच्या विभागात मी आणि लॉजिक शिकवणाऱ्या गजाला मॅडम, संपला विभाग. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, सर, किसकी शादी है? मी मनावर घेतलं नाही. वसाहतवादी नजर अशी पटकन जात नाही.

१० जानेवारी
नोट्सचं काम हाती घेतलं. नोकरी लागली तेव्हा या नोट्स इंग्रजीत काढल्या होत्या, अजून टवटवीत आहेत. मी तासाला सांगतो, मुलं लिहून घेतात, पेपरात तेच येतं, कुणाची तक्रार नाही. आता फक्त मराठीकरण करायचं. कॉम्प्युटरवर जिथं जिथं युरोपियन विचारवंत, तिथं तिथं 'ऋषी' केलं. एका दुपारीत काम फत्ते.

पान चौदावर ऋषी चर्चच्या विरोधात उभे राहिलेत. तपासायला हवं.

१४ जानेवारी, संक्रांत
सिलॅबस तयार. मेघाला वाचायला दिला. तिळगुळाच्या हातांनी चाळला आणि म्हणाली, अहो, हे तर तेच आहे, पाटी बदललेली. बायको बँकेत असली की अशी सूक्ष्मता दिसत नाही.

छातीत थोडं धडधडतंय. उत्साह.

१९ जानेवारी, सोमवार
मराठीतून पहिला तास. दहा मिनिटं उत्तम गेली. मग पडेगावच्या निशानं हात वर केला. थर्ड इयर, पहिला बाक. या मुलीचा हात वर जाताना दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, बहुधा डबा लवकर खाल्ल्यामुळे.

म्हणाली, सर, ह्या सिलॅबसमध्ये आपलं, आपलं असं लई वेळा आलंय. आपलं म्हंजी कुणाचं? इथं अजिंठ्याला भिक्खू राहिले, शिकले, वाद घातले, ते ह्यात नाय. आपल्या वर्गातल्या झीशानच्या घरी फारसीची पुस्तकं हायेत, ते बी नाय. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तो काय विचार न करता घेतला का? ते कोणत्या ऋषीत बसवायचे?

वर्ग माझ्याकडे बघत होता. प्रश्न फार महत्त्वाचा आहे असं सांगितलं, आणि उत्तर पुढच्या तासाला.

२१ जानेवारी
पुढचा तास होता. सीएल टाकली. ताप वाटत होता. मेघानं थर्मामीटर लावला आणि म्हणाली, हा ताप नाही, हे माणसाचं नेहमीचं अंग आहे.

२३ जानेवारी
गजाला मॅडमशी बोललो. त्यांनी सिलॅबस शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, सर, नावं बदलून काय होतंय, पद्धत बदला. हमारे यहाँ तो बहस का कायदा था. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, म्हणजे पूर्वपक्ष, आणि इतकं नीट मांडायचं की त्यानं स्वतः म्हणावं, हो, माझं हेच म्हणणं आहे. मगच त्याला उत्तर द्यायचं. वैदिक, बौद्ध, जैन सगळे भांडायचे ते असंच. मुलांना असं भांडू द्या, मग आपलं कुणाचं ते आपोआप कळेल.

मी नेमकं हेच सुचवणार होतो.

सर्क्युलर मीच काढलं. समितीसमोर जाहीर वादसभा. नियम एक : ज्याचं मत खोडायचं, तो समोर बसेल आणि आपलं मत बरोबर मांडलं की नाही हे सर्वांदेखत सांगेल; नाही म्हणाला तर खोडणारा खाली बसेल. नियम दोन : विषय विद्यार्थी निवडतील. अध्यक्ष मी. अध्यक्षाला कोणी प्रश्न विचारत नाही, हे आपल्या परंपरेचं खरं सौंदर्य. आज जेवण गेलं.

२ फेब्रुवारी, सोमवार
मुलांनी विषय निवडला. 'नोट्स सांगून तत्त्वज्ञान शिकवता येतं, हे मत.' खोडणार निशा.

आधी कळलंच नाही. चांगला विषय, असंही म्हणून बसलो. मग गजाला मॅडमनी हळूच सांगितलं, सर, हे मत ज्याचं आहे त्याला समोर बसावं लागेल. कुणाचं आहे, असं विचारलं. त्यांनी नुसतं सर्क्युलर माझ्यापुढे सरकवलं. खाली माझीच सही.

त्याच दिवशी, दुपारी
प्राचार्यांकडे धावत गेलो. सर्क्युलर मागे घ्यायचं म्हणालो. म्हणाले, आता कसं? समितीला परवाच पाठवलंय, त्यांना फार आवडलंय. अध्यक्ष म्हणून मॅडमना बसवू.

५ फेब्रुवारी
तीन दिवस पोट बिघडलेलं. ही भीती नव्हे. एकाग्रतेची सुरुवात पोटातूनच होते.

मेघा म्हणते, एक पोरगी चार वाक्यं बोलणार, त्यात एवढं काय. तिला काय कळणार. कागद हातात नसताना लोकांसमोर बसणं म्हणजे काय, ते तिला माहीत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
निशाला कँटीनमध्ये गाठलं. विषय बदल, असं अगदी वडीलधाऱ्या मायेनं सुचवलं. आत्मा आहे की नाही यावर बोल, शोभेलसा विषय आहे, इथलाही आहे. ती म्हणाली, सर, आत्मा काय समोर येऊन व्हय-नाय म्हणायचा नाय. तुम्ही म्हणाल.

चहाचे पैसे मीच दिले.

१० फेब्रुवारी
पळून जाण्याच्या शक्यतांचा तटस्थपणे विचार केला. मेडिकल लीव्ह. गावाकडं कुणीतरी आजारी. मग लक्षात आलं, मी गेलो नाही तर विभाग जातो, मॅडमचंही लॉजिक जातं, ही मुलं कुठं जातील. थोर विचार आहे. तरी हात थरथरतोय, अक्षर बघा.

बघा कुणाला म्हणतोय?

१२ फेब्रुवारी, गुरुवार
झालं.

सकाळी बाथरूममध्ये उलटी झाली. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

हॉलमध्ये समिती पुढच्या रांगेत, मुलं मागं. मला स्टेजवर एका खुर्चीत बसवलेलं, समोर निशा उभी. मला वाटलं, चेष्टा करील. माझी नक्कल करील, मुलं हसतील, समिती हसेल, मी फुलंब्रीला जाईन. ती चेष्टा करणार म्हणून मी दात घट्ट दाबून बसलो होतो.

तिनं चेष्टा केली नाही. ती म्हणाली, आता मी सरांचं म्हणणं मांडते, चुकलं तर त्यांनी सांगावं. सर नोट्स सांगतात ते आळसापोटी नाय. सर खेड्यातल्या मराठी शाळेतून आले असणार. एमएला सगळं इंग्लिश. एकदा कधीतरी त्यांनी मराठीत काहीतरी विचारलं असंल आणि वर्ग हसला असंल. तव्हापासून सरांनी हातात कागद धरलाय. कागद हातात असला की कुणी मधी विचारत नाय, आणि आपल्याला बी विचारावं लागत नाय. सरांचं म्हणणं असं हाय की आम्हाला बी तसं हसू नये कुणी, म्हणून ते आम्हाला पण कागद देतेत. हे मला कळतंय, कारण मी बी इंग्लिशच्या तासाला असाच कागद धरून बसते. सर कधी मला ओरडले तरी बी मला वाटायचं, सर घाबरायलेत.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, सर, बरोबर मांडलं का?

नियम माझाच. हो किंवा नाही. नाही म्हणालो असतो तर तिला खाली बसावं लागलं असतं, वाद तिथंच संपला असता, मी वाचलो असतो. भीती वाटली. खरंच लिहितो, इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नोकरी जाण्याचीसुद्धा नाही. एक मुलगी माझ्या आत जाऊन बघून आली होती.

व्हय, म्हणालो. माईकमध्ये गावचा आवाज निघाला.

मग तिनं तिचं उत्तर मांडलं. मला ते ऐकू आलं नाही. बहुतेक बरोबर असावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार
समितीचा अहवाल आला. विभाग राहिला. 'पूर्वपक्षाची परंपरा इतक्या निर्भयपणे वर्गात आणणारे विभागप्रमुख' असं माझ्याबद्दल लिहिलंय. प्राचार्यांनी पेढे वाटले. गजाला मॅडम नुसत्या म्हणाल्या, अब डरना नहीं, सर.

निर्भय शब्दाखाली रेघ मारली. समितीला माणसं ओळखता येतात.

१८ फेब्रुवारी
अंतिम संकल्प. इथून पुढे नोट्स बंद. कायमच्या. सोमवारी मोकळ्या हातानं वर्गात जायचं आणि मुलांना म्हणायचं, विचारा. काय विचारतील याची तयारी करतोय. आपलं म्हणजे कुणाचं, यावर चार दिवस वाचलं. भिक्खूंचे वाद, सूफींच्या गोष्टी, सगळं. भीती आहे, पण तिच्यासकट जाणार. मेघा म्हणाली, शाब्बास.

२३ फेब्रुवारी, सोमवार
गेलो. हात मोकळे. कुठं ठेवावेत ते कळेना, शेवटी टेबलावर ठेवले.

म्हणालो, विचारा.

आजवर कुणी विचारू नये म्हणून जीव मुठीत धरून उभा राहिलो. आज पहिल्यांदाच वाटलं, कुणीतरी काहीतरी विचारावं. मुलं बघत राहिली. झीशाननं पेनाचं टोपण काढलं. मग निशाचा हात वर गेला. माझं काळीज सुपाएवढं झालं.

ती म्हणाली, सर, इंटर्नल पुढच्या हप्त्यात हाय. पेपर इंग्लिशमध्येच येणार हाय म्हणे. आज लिहून देता का?

तिच्या तोंडावर तेच होतं जे मी रोज आरशात बघतो. सगळ्या वर्गाच्या तोंडावर होतं. नाही म्हणवेना.

कागद घरी होता. म्हटलं, लिहा. पहिल्या पानापासून सांगायला लागलो. इंग्रजीत. घंटा होईपर्यंत एकदाही अडलो नाही, स्वल्पविरामासकट सगळं तोंडपाठ होतं.