अष्टमीच्या घरातला लाल टोस्टर

८ नोव्हेंबर, शनिवार

घेतला एकदाचा टोस्टर! निकेशला दुसरी शिफ्ट, म्हणून बाबांना घेऊन रोह्याच्या बाजारात गेले. दिवाळीनंतर बाबांना मीच गावाहून इथे, रोह्यालगतच्या अष्टमीत, आणलंय. मिठागर बंद पडलं, घरात एकटा माणूस, करायचं काय? पण आम्ही नवरा-बायको कामावर गेलो की ते गॅसवर तवा ठेवून पाव भाजतात. पतसंस्थेत बसून माझा जीव टांगणीला! टोस्टर असला की ती काळजी नाही.

दुकानात दोन आवडले. एक लाल, पाव आपोआप वर येणारा. दुसरा काळा, चपटा, झाकण दाबायचा. बाबांनी त्या काळ्यावर हात ठेवला. ‘ह्यो बरा हाय गो. लादीपाव बसंल यात.’

‘बाबा, तो सँडविचचा. राहू द्या.’

लालच घेतला. ओट्यावर काय उठून दिसतो!

९ नोव्हेंबर, रविवार

काय बोलून बसले मी आज!

सकाळी मी आंघोळीला. बाबांनी बेकरीतून ताजी लादी आणली, पाव उभा चिरला आणि टोस्टरात कोंबला. अडकला. धूर! बाहेर येऊन बघते तर बाबा स्टीलच्या चमच्याने पाव उकरतायत — बटण चालू! मी किंचाळलेच. शेजारची समीक्षा धावत आली. तिच्यासमोरच सुटले मी — ‘लहान मुलासारखं लक्ष ठेवायचं का आता तुमच्यावर? यापुढे ओट्यापाशी यायचंच नाही. गॅसलाही हात लावायचा नाही!’

बाबा ‘बरं’ म्हणाले. फडका घेतला आणि काळे कण पुसायला लागले.

मी अकरा वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून बारावीपर्यंत माझा डबा या माणसाने केला. मिठागरावर जायच्या आधी, रोज. भाकरी जाड व्हायची, कडा करपायच्या, पण डबा चुकला नाही. आणि मी त्यांना सांगते, गॅसला हात लावू नका!

भीतीने बोलले, मान्य. पण समीक्षासमोर?

१० नोव्हेंबर, सोमवार

घरी आले तर बाबांची पिशवी नाही. निकेशला आजपासून रात्रपाळी, तो घरीच होता. म्हणाला, ‘दुपारच्या गाडीला बसवलं त्यांना. ऋतुजाला कामावर फोन नको करू म्हणाले.’

‘थांबवायचंस ना!’

‘थांबवायचं तू. काल.’



१२ नोव्हेंबर, बुधवार

फोन केला. ‘बरा हाय मी. जेवलीस?’ एवढंच. मी माफी न मागताच फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लाल टोस्टर कपाटात टाकला आणि तो काळा विकत आणला. दुकानदार हसला, ‘ताई, त्या दिवशी काका ह्योच सांगत व्हते.’ हो ना, सांगत होते!

उद्या गावी जाते. टोस्टर देईन, पाया पडेन, सोबतच घेऊन येईन. म्हणतील तो पाव, म्हणतील तिथे भाजू देत.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेणला उतरून रिक्षाने गाव गाठलं. वाटभर वाक्यं जुळवत होते. दार उघडंच. आत ओट्यापाशी शांतीमावशी! बाबांच्या बरोबरीने मिठागरावर राबलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ‘ये गो बाय, बस. चाय टाकते.’ डबे न शोधता साखर काढली तिने.

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे.

‘सांगनार व्हतो गो तुला. दिवाळीच्या आदीपासून. पन तू घर दाखवलंस, माजी खोली दाखवलीस, येवढी हौस तुजी. माजा तोंडच उघडंना. आमी दोगं लगीन करतोय.’

‘म्हणजे मी बोलले म्हणून नाही आलात तुम्ही इकडे?’

‘त्या दिशी लागला मनाला, खोटा कशाला बोलू? पन यायचा व्हताच मला.’

आठवडाभर माझ्या ज्या बोलण्यावरून रडले, तेवढ्याने भागलं नव्हतं बहुतेक. कारण माझ्या तोंडून निघालं — ‘आईच्या स्वयंपाकघरात?’

मावशीने गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर गेली. बाबा पहिल्यांदाच माझ्यावर डोळे रोखून बघत होते. मी टोस्टरचं खोकं खाटेवर ठेवलं आणि निघाले. चहा न घेता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

निकेशला सगळं सांगितलं. आधी हसला, मग माझा चेहरा बघून सावरला. म्हणाला, ‘आपण बाबांसाठी खोली केली, टोस्टर घेतला. त्यांना काय हवं ते विचारलं का गो कधी?’

नाही विचारलं. म्हातारा माणूस, त्याला काय हवं असणार — असंच धरून चालले. त्रेसष्टचेच तर आहेत!

आणि शांतीमावशी काय परकी आहे? दहावीच्या परीक्षेला बाबांना सुट्टी नव्हती. पेणला माझ्यासोबत तीच आली, दिवसाची मजुरी बुडवून. शाळेच्या फाटकाशी उन्हात बसून राहायची. पेपर सुटला की काही विचारायची नाही, आधी पाणी द्यायची. तिला मी त्या ओट्यावरून उठवलं!

फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. दोनदा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच बाबांचा फोन. ‘रविवारी देवलात उरकतोय. घरचीच चार मान्सा. तू आलीस तर बरा वाटंल. नाय आलीस तरी माजा राग नाय.’

मी म्हटलं, मावशीला द्या.

बराच वेळ पलीकडे नुसती कुजबुज. मग बांगड्यांचा आवाज.   मीच विचारलं —

‘मावशी, लग्नाची साडी घेतलीस का गो?’