पाठ झालेला दिवस

बुधवार, २० फेब्रुवारी

प्रिय ताईस,

इकडे सर्व ठीक, असं लिहून पत्र सुरू करायची आपली सवय. आज ते वाक्य लिहिलं, खोडलं आणि पान बदललं. तरी घाबरू नकोस. चिमी खातेपिते आहे, अंगात ताप नाही, काल तिने तुझ्या सासूबाईंचा चष्मा बादलीत बुडवला, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

तुझं पत्र मिळालं. फोन कानाला लावला की चिमी ढकलून देते, माझा आवाज तिला नकोसा झालाय, दोन वर्षांची पोर आईवर रुसली आहे, असं तू लिहिलंस. म्हणून पुढच्या महिन्यातली सुट्टी घेणार नाहीस, प्रशिक्षण संपल्यावरच येशील, तिला दोनदा रडवायला नको. वाचून मला तुझा रागच आला, आणि मग रडू आलं. का ते सांगते, पण आधी माझ्या कामाचं थोडं ऐक. तू म्हणशील, हिला विचारलं काय आणि ही सांगते काय. सांगू दे मला.

तू तिकडे गेल्यापासून चिमी पाळणाघरात माझ्याच खोलीत असते, दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या. महिन्याच्या सुरुवातीला आमच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, की दहा वाजता अंगण आता मोठ्या मुलांना लागणार, तेव्हा तुमच्या खोलीचा दिवस नव्याने आखा. म्हटलं तर सोपं काम. आल्यावर खेळ, मग फळं, मग अंगण, मग हात धुणं, जेवण, झोप, दूध, पुन्हा खेळ, घर. यातलं अंगण उचलून फळांच्या आधी घ्यायचं, एवढंच. पण या वयाच्या मुलांना घड्याळ कळत नाही. कशामागून काय येतं, यावर त्यांचा सगळा दिवस चालतो. फळांनंतर बूट, हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही समोर हत्ती आणून उभा करा, ती बूटच मागणार.

म्हणून मी डोकं चालवलं आणि प्रत्येक बदलाला एक गाणं लावलं. आवरायचं वेगळं, अंगणाचं वेगळं, हात धुवायचं वेगळं. शब्द माझेच आणि चालीही माझ्याच, त्यामुळे आमच्या मदतनीस बाईंचं म्हणणं, की मुलं पळत सुटतात ती घाबरून. काही का असेना, आठवड्याभरात सगळी खोली रुळली, एक चिमी सोडून.

ताई, चिमी म्हणजे माझ्या खोलीतली सगळ्यात शहाणी मुलगी. जुन्या क्रमात मी फळांच्या वाट्या गोळा करायच्या आत ती बुटांपाशी पोचलेली असायची. मी चटईला हात लावते न लावते तोच आपली उशी घेऊन हजर. नव्या पालकांना मी तिच्याकडे बोट दाखवून सांगायची, बघा, हिला काही सांगावं लागत नाही. भाची म्हणून मिरवायचीही. आणि नव्या क्रमात हीच मुलगी बुटांच्या फळीखाली बसून रडायला लागली. मी गाणं म्हणतेय, बाकीची नळाकडे धावताहेत, आणि ही पाठमोरी बसून ठोकळे रचतेय. मग कधीतरी मान वर करायची आणि कोणी दिसलं नाही की धडपडत यायची. मला वाटलं, मावशीची खोली म्हणून लाडावली आहे. एकदा दंडाला धरून जरा जोरातच उठवलं तिला. ते राहून राहून आठवतं.

सोमवारी ती अशीच धावत आली तेव्हा मी तिचा चेहरा नीट बघितला. हट्टी मुलं मी रोज बघते. ही हट्ट करत नव्हती, घाबरली होती.

दुपारी गोष्टीच्या वेळी मी तिच्या मागे जाऊन बसले आणि म्हटलं, "केळं." केळ्यासाठी ती काय काय करते ते तुला माहीत आहे. ती पुस्तकातली चित्रं बघत राहिली. मी आवाज चढवला. तशी बाकीची झाडून सगळी मुलं माझ्याकडे वळली आणि केळं मागायला लागली. शेवटी स्वयंपाकघरातून आणून सगळ्यांना कापून द्यावी लागली. चिमीला ती दिसली तेव्हा ती हसली आणि तिनेही हात पुढे केला.

तिला ऐकू येत नाही, ताई. अजिबात येत नाही की थोडं येतं, ते मला कळत नाही. दार आपटलं तर दचकते, पण ते जमीन हादरते म्हणूनही असेल. समोर असले तर माझ्या तोंडाकडे, हातांकडे बघून तिला पुष्कळ समजतं. तिने सबंध दिवस पाठ करून ठेवला होता, आणि मी तो एका सकाळी उलटापालटा केला. केला नसता तर अजून वर्षभर तिचं कौतुकच करत बसले असते.

त्याच संध्याकाळी तुमच्याकडे जाऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या बापाने तिसऱ्या वर्षी तोंड उघडलं आणि अजून मिटलेलं नाही. हीपण बोलेल." मी त्यांच्या पुढ्यातली भाजी निवडत बसले. थोड्या वेळाने त्याच उठल्या, चिमीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं. मग आत निघून गेल्या.

भावोजींनी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पाच मार्चची. तुला मीच कळवतो म्हणाले, आणि काल दिवसभर फोन हातात घेऊन फिरत राहिले. आज सकाळी चिमीला सोडायला आले तेव्हा म्हणाले, "तूच लिही. माझ्याने बोलवत नाही." मलाही फोनवर जमलं नसतं. तू रडली असतीस आणि सांगायचं ते राहिलं असतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती तुझ्यावर रुसलेली नाही. तिथून व्हिडिओ लागत नाही, नुसता आवाज येतो, आणि तो तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. आपण रोज एक गार वस्तू तिच्या कानाला लावत होतो, ती ढकलणार नाही तर काय करेल. आणि विसरली म्हणशील, तर संध्याकाळी सगळ्यांच्या आया येतात तेव्हा ती दाराशी उभी राहते. आत येणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा बघते आणि मग माझ्याकडे बघते. हे मी तुला मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुला तिकडे काम सुचणार नाही असं वाटलं.

सुट्टी घे. पाच तारखेच्या आधी ये. आणि दारातूनच हाका मारत घरात शिरायची तुझी जुनी खोड आहे, ती या वेळी नको. तिच्या समोर येऊन खाली बस, आणि तिने मान वर करेपर्यंत थांब.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी जिला लिहिता येतं ती,
तुझी धाकटी