चाकाच्या बुटातली रोशनी

देवळाली गाव, नाशिक
बुधवार, सप्टेंबर २००४

दादा,

तुझ्या अन् आईच्या पायावर इथूनच डोकं ठेवते. आईचे गुडघे कसे हायेत? मी दिलेलं तेल चोळती का नुसतं फळीवर ठेवून बघती? ज्योत्स्ना वहिनीला नमस्कार, अमितला पापा. चाळीतला कांदा सडला तर नाय ना, तेवढं कळव. आम्ही इकडं मजेत हाय असं लिहिणार होते, पण पेन तिथंच अडलं. आम्ही मजेत नाय. रोशनीचे पप्पा घर सोडून गेलेत, ओट्यावर रावजीशेठची माणसं बसलीत, अन् मी मोरीत बसून लिहिते हाय (घरात आतून कडी फक्त मोरीलाच हाय). फोन केला असता, पण बूथवाला शेठचाच माणूस. म्हणून लहानूच्या हातात देते, त्याचा टेम्पो तुमच्याकडं कांदा भरायला चाललाय.

दादा, यांचं काम तुला ठाऊक हाय. भिंतीवर नावं लिहायची, अन् कॅम्पात मिलिटरीवाल्यांच्या बदल्या निघाल्या की त्यांच्या काळ्या पेट्यांवर नाव, हुद्दा अन् कुठून कुठं चालले ते पांढऱ्या रंगात टाकायचं. फ्लेक्स निघाल्यापासून भिंतीचं काम निम्मं झालं, पेट्यांवरच चूल पेटती. श्रावणात एका मेजरसाहेबांची बदली झाली. पेट्या रंगवून झाल्यावर मेमसाबनी मजुरीच्या जागी एक पांढरा डबा दिला. टीव्हीला जोडायचा, आत चकती घालायची, व्हिडिओ गेम हाय म्हणल्या. (मी म्हणलं, त्यापरीस एखादा कुकर मागायचा होता, त्यांना काय, तो बी संगं न्यायचा नसणारच. पण यांनी कधी कुणाकडं काय मागितलं नाय, माझ्या बापाकडं मला सोडून.)

त्या गेमात काय हाय ते ऐक, म्हंजे तुला कळंल आमचं वाटोळं कसं झालं. रंगीत केसांची पोरंपोरी, जाड काळ्या रेघेनं काढलेली, कॅलेंडरवर काढतात तशी. पायात चाकाचे बूट, कानाला मोठाले डबे, अन् गाणं एकसारखं धडधडतं. ही पोरं जिन्याच्या कठड्यावरून घसरतात, तारेवरून घसरतात, अन् रस्त्यात भिंत दिसली की फवाऱ्याच्या डब्यानं तिच्यावर फुगीर अक्षरं अन् चित्रं मारतात. आई-बाप एकाला बी नाय. मग पोलीस येतात. आधी काठीवाले, मग बंदूकवाले, मग हेलिकॉप्टर. एका भिंतीसाठी हेलिकॉप्टर. मी तर रोशनीला पदराखाली घेतलं. पण हे टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते, अन् डोळ्यात पाणी. मी विचारलं, काय झालं. तर म्हणले, "बघ शुभे, तिथं पेंटरला किती किंमत हाय. इथं मी आख्खी भिंत रंगवली तर गिऱ्हाईक बघायला सुदीक येत नाय."

तवापासून माणूस हातचा गेला. आधी गॅरेजवाल्याकडून जुन्या बेअरिंग आणून फळीला बसवल्या. म्हणले, लांब भिंतीला शिडी सरकवत बसायला नको, फळीवर बसून ब्रश टेकवला की झालं. तो रस्ता रेल्वे फाटकाकडं उताराचा हाय हे सगळ्या गावाला माहीत होतं, यांना बी होतं. भिंत संपली तरी हे थांबले नाय. निळा पट्टा भिंतीवर, मग एका उभ्या जीपवर, मग फुलाबाई गवळणीच्या म्हशीवर. म्हैस अजून निळीच हाय. फुलाबाई म्हणती दूध कमी झालं, अन् ते भरून मी देते.

पण म्हैस परवडली. खरी गोष्ट पुढं हाय. दादा, पेंटर लोकांचा एक नेम असतो. इलेक्शनच्या आधी भिंत धरायची. तिला पांढरा हात मारायचा, कोपऱ्यात पुढाऱ्याचं नाव अन् साल टाकायचं, की ती भिंत त्याची. दुसरा पेंटर तिला बोट लावत नाय, मग त्याचा पुढारी केवढा बी मोठा असू दे. आमच्या नाक्यावरची लांब भिंत इलेक्शनला उभ्या राह्यलेल्या रावजीशेठसाठी गेणू पेंटरनं धरली होती. गेणू म्हंजे यांचा उस्ताद. यांच्या हातात पहिला ब्रश त्यानंच दिला. आता त्या गेमात नेम उलटा. तिथं दुसऱ्या टोळीच्या चित्रावर आपलं चित्र मारलं की आख्खा एरिया आपला. यांना वाटलं, आजवर आपण उगाच भीत राह्यलो, दुनियेत असंच चालतं. पहाटे फुलं आणायला जातो म्हणून गेले, अन् उस्तादाची धरलेली भिंत रंगवून आले. फुलं आणलीच नाय.

अन् काढलं काय असंल? आपली रोशनी. दोन माणसं उंच. पायात चाकाचे बूट, निळा फ्रॉक, हातात रंगाचा डबा, अन् बाजूला फुगीर अक्षरांत तिचं नाव, एवढं फुगीर की शेजारच्या चिमणाबाईला वाटलं वड्या काढल्यात. आपलं नाव मात्र कुठं टाकलं नाय, म्हणले कुणाला पत्ता लागणार नाय. दादा, तोंड पोरीचं हुबेहूब काढलं. डाव्या गालावरचा तीळ काढला. नाकातला शेंबूड काढला. सकाळी सात वाजता आख्ख्या गल्लीला पत्ता लागला. शेठची माणसं कुणाला न विचारता सरळ आमच्या दारात आली, अन् दार कुणी उघडलं, तर रोशनीनं. त्यांनी तिच्याकडं पाह्यलं, मग एकमेकांकडं पाह्यलं.

हे मागच्या दारानं गेले ते गेलेच. कुठं असतील, काय खात असतील, देव जाणे. शेठचा निरोप असा, की रविवारी नाक्यावर सभा हाय, शनिवारपर्यंत भिंत पांढरी पाहिजे. झाली तर मागचं सगळं माफ, जयराम पेंटरनं खुशाल घरी यावं अन् काम करावं. नाय झाली तर पोलिसात नाव, अन् नाशकात कुठली भिंत त्याला मिळायची नाय. मी गेणू उस्तादाकडं रडत गेले. म्हातारा आला, चित्राच्या रेघेवरून बोट फिरवून पाह्यलं. मला वाटलं शिव्या घालंल. तर म्हणतो, "हात माझाच हाय गं याचा. डोकं कुठून आणलं?" पण पुसायला तयार नाय. म्हणे जित्या लेकराच्या तोंडावर मी चुना मारणार नाय, माझी बी नातवंडं हायेत. शेठच्या माणसांना सांगितलं, तर तो म्हणतो तू मार, हा म्हणतो तू मार. एवढ्या मिशा एकेकाच्या, अन् ब्रश कुणी हातात धरंना. शेवटी चुन्याची बादली माझ्यासमोर ठेवली.

मी मारला, दादा. नाव पुसलं, डबा पुसला, फ्रॉक पुसला. परवा पाय पुसले अन् त्याच संध्याकाळी रोशनी ओट्यावरून पडली, गुडघा फुटला. (ती रोजच पडती. पण त्या दिवशी पडली ते वेगळं.) काल हात पुसले तर रात्रीतून हातावर गांध्या उठल्या. डॉक्टर म्हणले डास हायेत. त्यांना काय माहीत मी काय पुसून आले. आता भिंतीवर नुसतं तोंड राह्यलंय. वर शिडीवर चढते, ब्रश बुडवते, अन् ती माझ्याकडं बघती. खाली खरी उभी, ती बी वर बघती. माझा हात जात नाय. शनिवार जवळ आला, हे घरी आले पाहिजेत, अन् माझा हात जात नाय. रात्रीची तिच्या नाकाखाली बोट धरून बसते.

काय करू ते सुचत नाय. बाकी ठीक. आईला यातलं काही सांगू नको, नुसतं तेल लाव म्हणावं.

तुझी,
शुभांगी

ता. क. हे कुठं हायेत ते मला माहीत हाय. तुझ्या कांद्याच्या चाळीत, मागच्या बाजूला, रिकाम्या गोणींवर. मीच बसमध्ये बसवून दिले. वहिनी दोन्ही टायमाला भाकरी पोचवती, तिला बोलू नको, मीच तिला शपथ घातली. वर हे लिहिलं असतं तर तू पत्र टाकून आधी चाळीकडं गेला असता. आता जा, पण मारू नको.

दुसरं ता. क. खरं काम हे हाय. रोशनीचं जावळ तुझ्या मांडीवर काढलं. वस्तरा डोक्यावरून फिरला तरी पोरगी हूं का चूं नाय. तवा सगळ्या बाया म्हणल्या, मामाच्या हातात लेकराला काय होत नाय. ते तोंड तूच पूस. शुक्रवारी ये. तिला आधी पोटभर जेवू घाल, मग चिमणाबाईकडं ठेवू, अन् मग शिडीवर चढ. डोळे शेवटी पूस.

तिसरं ता. क. चुना भिंतीला धरावा म्हणून त्यात डिंक घालतात. शेठच्या माणसांनी डिंकाची पुडी दिली हाय, ती मी डाळीच्या डब्यात ठेवली. तू डिंक मागू नको, कुणी विचारलं तर घातला म्हण. यांनी चित्र ऑइल पेंटात काढलंय, त्यावर बिनडिंकाचा चुना मोठा पाऊस झाला की उतरतो. शेठला काय, इलेक्शनपुरतंच पाहिजे.